आरटीई प्रवेश वाचला. नववीच्या फीचे काय?

खासगी शाळेची फी रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्यात नाही. म्हणूनच शिक्षण हक्क कायदा २००९ ने खासगी विनाअनुदानित शाळांत सुरुवातीच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखून ठेवल्या. हाच हक्क राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने जवळपास मोडीत काढला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागा देण्याची गरज नाही, असा तो बदल होता. शहरात अशी शाळा जवळ नसलेली खासगी शाळा सापडणे कठीण. पालक न्यायालयात गेले आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

लढाई मात्र संपलेली नाही. मोफत शिक्षण फक्त आठवीपर्यंत आहे. नववीत पूर्ण फी समोर येते आणि ऐन दहावीच्या तोंडावर शाळा बदलावी लागते. शिवाय बस, सहल, स्नेहसंमेलन यांचा खर्च पालकांवरच पडतो. सरकारने शाळांना द्यायची रक्कम वर्षाला प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपये ठरवली. मोठ्या शहरांतील शाळांची फी याच्या कितीतरी पट आहे. तीही वेळेवर मिळत नाही, अशी संस्थाचालकांची तक्रार असते. मग आपले मूल शाळेला ओझे वाटू लागते. अल्पसंख्याक शाळा तर २०१४ च्या निकालापासून या कायद्याबाहेरच आहेत.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आणण्याची मागणी केली होती. ती आज आपण पुढे न्यायची आहे. आठवीची मर्यादा बारावीपर्यंत वाढवा, ही आपली पहिली मागणी असावी.

तोपर्यंत प्रत्येक विहारात आरटीई मदत केंद्र हवे. अनुसूचित जातीचा दाखला असलेल्या बौद्ध कुटुंबांना उत्पन्नाची अट नाही, हे अनेकांना माहीतच नसते. दाखला आणि रहिवासाचा पुरावा अर्ज सुटण्याआधीच तयार ठेवा. कारण संधी सुरुवातीच्या वर्गातच मिळते. प्रवेशासाठी देणगी किंवा मुलाची परीक्षा घेणे हा कलम १३ नुसार गुन्हा आहे. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. त्या समितीत आपले पालक बसले पाहिजेत.