आपद्धर्म आणि अपवादाचा ईश्वर

संकटकाळी राज्यकर्त्याने कायदा बाजूला ठेवला, तर त्याने जाब कोणाला द्यावा? जर्मन कायदेपंडित कार्ल श्मिट याने १९२२ साली 'राजकीय ईश्वरशास्त्र' या ग्रंथात दिलेले उत्तर आजही विद्यापीठांतून अभ्यासले जाते. कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या श्मिटच्या मते आधुनिक राज्यविचाराच्या प्रमुख संकल्पना मूळच्या ईश्वरशास्त्रातल्याच. सर्वशक्तिमान ईश्वर सृष्टिनियम मोडून चमत्कार घडवितो. तद्वत सार्वभौम सत्ताधीश अपवादाची स्थिती ठरवून कायदा स्थगित करतो. परंतु सृष्टीबाहेरचा ईश्वर सृष्टीला उत्तरदायी नसतो. मग कायद्याबाहेरचा सत्ताधीश कोणाला असणार?

२८ फेब्रुवारी १९३३ रोजी वायमार घटनेच्या ४८ व्या कलमान्वये जर्मन नागरिकांचे हक्क गोठविले गेले. २३ मार्चला हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा संमत झाला. विरोधी मते ९४, सारी सोशल डेमोक्रॅटांची. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने पाठिंबा दिला. त्याचे नेते लुडविग कास हे स्वतः धर्मगुरू! पुढच्याच वर्षी हिटलरने विनाचौकशी घडविलेल्या हत्यांचे श्मिटने लेख लिहून समर्थन केले. प्रॉटेस्टंट पाद्री डिट्रिच बोनहोफर यांनी मात्र विरोध केला आणि १९४५ साली ते फाशी गेले, हेही नमूद केलेच पाहिजे.

आपल्या परंपरेलाही अपवाद ठाऊक आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र उपपर्वच आहे. दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरी कुत्र्याचे मांस चोरू पाहतो, तेव्हा चांडाळच त्याला धर्म ऐकवितो. महर्षी त्याच्याशी वाद घालतो, पाप तपाने धुऊन काढीन असे म्हणतो. अपवाद घडतो, पण ऋषीलाही चांडाळापुढे कारण द्यावे लागते आणि पापाला पापच म्हटले जाते. श्मिटच्या सत्ताधीशाला असा कोणी अडवीत नाही.

भारताच्या घटना समितीत १९४९ साली ह. वि. कामत यांनी वायमारचाच दाखला देऊन आणीबाणीच्या तरतुदींविषयी सावध केले होते. ते कोणी ऐकले नाही. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी लादली गेली, ४ जुलैला संघावर बंदी आली, सहस्रावधी स्वयंसेवक तुरुंगात गेले. अशा काळात स्थानबद्धाला जीविताच्या हक्कासाठीही न्यायालयात दाद मागता येते, असे १९७६ साली पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या ह. रा. खन्नांनी म्हटले. त्या एकट्याचे म्हणणे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने घटनेत आणले: २० आणि २१ ही कलमे आणीबाणीतही गोठविता येत नाहीत. ३५२ वे कलम मात्र आजही घटनेत आहे, आणि ते वापरण्याचा अधिकार सत्तेवर येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या हाती जातो, आपल्या विचारांच्या पक्षाच्याही.