उपग्रहाला न दिसणारा धूर

कापसाचा शेवटचा वेचा झाला की आपल्या वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटी उपटण्याची घाई सुरू होते. थोडी सरपणासाठी घरी येते, उरलेलीचे ढीग शेतातच पेटतात. पुढे उन्हाळ्यात धुरेही पेटवले जातात. देवळी-हिंगणघाटकडे जाताना संध्याकाळी एसटीच्या खिडकीतून हा धूर आपण पाहतो. तो कोठे जातो, याचा विचार मात्र क्वचितच करतो.

आज त्याचा माग काढण्याचे साधन विज्ञानाने दिले आहे. २०१७ साली सोडलेल्या अमेरिकेच्या नोआ-२० उपग्रहावरील यंत्र सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनातील जाळाची उष्णता टिपते. ते ठिपके कोणालाही नकाशावर विनामूल्य पाहता येतात. आपला इन्सॅट-३डीएस (२०२४) सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून एकाच भूभागाकडे पाहत राहतो. त्याची छायाचित्रे ओळीने लावली की धुराचा मोठा पट्टा वाऱ्याबरोबर कसा सरकला ते कळते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या आधारे राज्यांच्या वनखात्यांना वणव्याची सूचना देत आली आहे. पंजाब-हरियाणातील धानाचे तणस पेटले की दिल्लीत त्याची रोज गणती होते. पऱ्हाटीच्या धुराची एवढी चर्चा कोठे होते?

तथापि, नकाशावर ठिपका नाही म्हणून हवा स्वच्छ, असे मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. नोआ-२० आपल्यावरून जातो तो दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. संध्याकाळी पेटून तासाभरात विझलेला ढीग त्याच्या नजरेतून निसटतो. शिवाय वरून दिसतो तो हवेच्या साऱ्या थराचा गढूळपणा. हिवाळ्याच्या रात्री गावावर दबून बसलेला धूर श्वासात किती जातो, हे जमिनीवर मोजल्याशिवाय कळत नाही.

दुसरा धोका याच्या उलट आहे. ठिपका दिसला की शेतकरी गुन्हेगार! २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला. पिकाचे अवशेष शेतात ठेवू नका, असे तज्ज्ञ सांगतात. ते उचलायला मजुरी लागते आणि आगपेटी स्वस्त पडते. म्हणून हे ठिपके दंडाच्या पावत्या फाडण्यासाठी वापरू नयेत. पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र आधी कोणत्या गावी पाठवावे, हे ठरवण्यासाठी ते वापरावेत.

वर्ध्याला हा विचार नवा नाही. येथील मगनवाडीच्या 'मगन चुली'मागे चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बाईचा विचार होता. धुराचा प्रश्न ज्याच्या डोळ्यांत धूर जातो त्याच्यापासून सुरू करावा, हाच तिचा धडा.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेक जण खेड्यातून येतात. प्रत्येकाने वहीत गाव, तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि काय जळत होते एवढे लिहिले, तर एका हंगामात उपग्रहाच्या नकाशाशी ताडून पाहता येईल अशी नोंद तयार होईल. भूगोलाच्या प्राध्यापकांनी हे काम मनावर घ्यावे. आकाशातील डोळ्याला जे दिसत नाही, ते गावातल्या डोळ्यांनी टिपायला हवे.