डफळे : डफाचे नव्हे, डफळापूरचे

डफळे हे आडनाव कानावर पडले की ऐकणारा लगेच अर्थ लावून मोकळा होतो : डफ वाजवणारे ते डफळे. मला ही व्युत्पत्ती साफ अमान्य आहे. डफ वाजवण्यात कमीपणा आहे म्हणून नव्हे. शाहिराच्या हातातल्या डफाने या मुलखाची मान उंचच केली. अमान्य एवढ्याचसाठी, की तिला ना वतनाचा आधार, ना कुळाचा. नुसत्या नादसाम्यावर एका घराण्याचा इतिहास उभा करता येत नाही.

हे घराणे मूळचे चव्हाण. आजच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात डफळापूर हे गाव आहे. तिथली पाटिलकी या चव्हाणांकडे होती आणि गावावरून त्यांना डफळे म्हणू लागले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच घराण्यातल्या सटवाजीरावांनी आदिलशाहीत नाव काढले आणि जत, करजगी या भागाची देशमुखी मिळवली. 1686 मध्ये विजापूर पडले, तरी डफळ्यांचे वतन टिकले. पुढे साताऱ्याच्या छत्रपतींच्या छत्राखालच्या जहागिऱ्यांत औंध, फलटण, भोर, अक्कलकोट यांच्या पंक्तीला जत आणि डफळापूर अशा दोन जहागिऱ्या डफळ्यांच्याच होत्या. 1849 मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचे राज्य खालसा केले. या जहागिऱ्या मात्र राहिल्या. डफळापूर 1917 मध्ये जतमध्ये विलीन झाले. स्वातंत्र्यानंतर जत दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि त्याच जिल्ह्याला 1960 मध्ये सांगली हे नाव मिळाले. एवढ्या उलथापालथीत आडनाव तेच राहिले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो डफाच्या गोष्टीसारखा उडवून लावण्याजोगा नाही. गावाच्या नावाला ‘पूर’ जोडलेले आहे. रामाचे रामपूर, तसे डफळ्यांचे डफळापूर. म्हणजे आडनाव आधीचे आणि गाव नंतरचे, असे का म्हणू नये? शिवाय गावावरून आलेल्या आडनावाला ‘कर’ लागतो, तो इथे कुठे आहे?

‘कर’ लागलाच पाहिजे असा नियम मुळात नाही. जत हा कानडी सीमेवरचा मुलूख, आणि त्या बाजूला ‘कर’ न लावता गाव नावाशी जोडण्याची रीत आजही आहे : गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर. ‘पूर’ची गोष्ट वेगळी. गावाच्या नावातला मूळ डफळा कोण, हा प्रश्न गावाच्या वसण्याचा आहे, घराण्याच्या उगमाचा नाही. घराण्याचे मूळ आडनाव चव्हाण सांगितले जाते, आणि ते बदलायला कारण घडले ती गावची पाटिलकी. आडनावावरून गाव झाल्याचे उदाहरण हवे असेल तर ते याच जिल्ह्यात आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. तिथे आडनाव आधीचे हे ठाऊक आहे, कारण ते दाखवता येते. डफळ्यांच्या बाबतीत तसा पुरावा कुणी पुढे ठेवत नाही; ‘पूर’ या शेपटावरून तर्क तेवढा केला जातो.

कुळाची साक्ष मला याहून महत्त्वाची वाटते. मराठ्यांत सोयरीक जुळवताना आडनावावर कोणी थांबत नाही. कुळी विचारतात, देवक विचारतात. फलटणचे निंबाळकर निंबळक गावावरून निंबाळकर झाले, तरी कुळी पवारांचीच सांगतात. डफळे चव्हाण सांगतात. आडनाव राहत्या गावाचे, कुळी पूर्वजांची, अशी ही दुहेरी नोंद आहे आणि लग्नाच्या व्यवहाराने ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. जे नाव वाद्यावरून पडले असते, त्याच्यामागे ही पाटिलकीची आणि कुळीची जोडगोळी इतकी नेटकी उभी राहिली नसती.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही माझा तितकाच विरोध आहे. चव्हाण म्हणजे चौहान, म्हणून डफळे थेट पृथ्वीराजाचे वंशज, असे सांगणारे डफवाल्यांइतकेच नादावर विसंबतात. सटवाजीरावांचा पराक्रम पाहायला अजमेरपर्यंत जायची गरज काय? माणदेशालगतच्या कोरड्या रानात, दोन भाषांच्या सीमेवर, आदिलशाही बुडताना ज्यांनी वतन राखले, त्यांना उसने पूर्वज लागत नाहीत.

आडनावाचा अर्थ शब्दकोशात शोधायची सवय इथेच नडते. औंधचे प्रतिनिधी मूळचे किन्हईचे कुलकर्णी. छत्रपती राजारामांनी जिंजीला निर्माण केलेले पद त्या घराण्याकडे आले आणि तेच आडनाव झाले. ‘प्रतिनिधी’चा कोशातला अर्थ वाचून किन्हई कळणार नाही. तसेच ‘डफ’ या नोंदीखाली डफळापूरची पाटिलकी सापडणार नाही. ती वतनाच्या मोडी कागदांत शोधायची असते. ज्या घरांत अशा कागदांचे रुमाल अजून बांधून ठेवलेले आहेत, त्यांनी ते वाळवीच्या हवाली करण्याआधी मोडी वाचणाऱ्याला दाखवावेत.