कार्बुरेटरचे औचित्य

मराठीच्या अध्यापकांनी कार्बुरेटरवर लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्य हेच काव्याचे जीवित मानले. कमरपट्टा गळ्यात घातला तर त्याचा अलंकार राहत नाही, हसे होते, हा त्याचा युक्तिवाद काव्याबाहेरही किती खरा आहे, हे पाहायचे असेल तर जुन्या बुलेटचे इंजिन 'वाढवून' घेणाऱ्यांकडे पाहावे.

बुलेट ३५० चे उदाहरण घेऊ. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, आकारमान ३४६ घन सेंटिमीटर. त्यावर २४ मिलिमीटरचा कार्बुरेटर असे. हौशी मालक हेडमधील पोर्ट घासून घेतो, कॅम बदलतो, सायलेन्सर मोकळा करतो आणि मग ३० किंवा ३२ मिलिमीटरचा कार्बुरेटर मागतो. मोठे तोंड म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब अर्धाच खरा आहे.

कार्बुरेटरमध्ये पेट्रोल ढकलणारा पंप नसतो. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. गळा गरजेपेक्षा रुंद केला की कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो, ओढ कमी पडते आणि पेट्रोल नीट विखुरत नाही. मग गाडी चौकातून उचलताना आचके देते आणि सरळ मोकळ्या रस्त्यावर मात्र धावते. इंग्लंडमधील बीएसए गोल्ड स्टारच्या डीबीडी ३४ या ५०० सीसी गाडीवर दीड इंची अमल जीपी कार्बुरेटर होता. शर्यतीत ती नामांकित, पण संथ चालीवर इंजिन टिकवणे जिकिरीचे. शर्यतीसाठी ते उचितच होते. रोज महाविद्यालयात जाण्यासाठी तेच मागणे हा गळ्यातला कमरपट्टा होय. कॅम आणि व्हॉल्व्ह मूळचेच असतील तर २४ चाच कार्बुरेटर ठेवून जेट बदलावेत आणि इंजिन खरोखर वाढवले असेल तर २८ वर थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निवडीनंतरचे काम अधिक संयमाचे आहे. कार्बुरेटरचा प्रत्येक भाग थ्रॉटलच्या ठरावीक टप्प्यावर बोलतो. गाडी जागेवर चालू असताना आणि थ्रॉटल जेमतेम उघडताना पायलट जेट व एअर स्क्रू. त्यापुढे पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडचा काप. पावपासून पाऊणपर्यंत सुई. आणि त्यानंतर मेन जेट. या हद्दी काटेकोर नाहीत, एकमेकींत मिसळतात; पण दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे न पाहता मेन जेट बदलत बसणे म्हणजे मजकूर न वाचता अभिप्राय देणे. टायमिंग, व्हॉल्व्हचे अंतर आणि कुठून हवा तर ओढली जात नाही ना, हे आधी तपासावे. मग पूर्ण थ्रॉटलवर गाडी चालवून, एकदम क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी. शिसेविरहित पेट्रोलमुळे हा रंग पूर्वीइतका स्वच्छ उमटत नाही, म्हणून ओढ आणि आवाज यांचीही साक्ष घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा.

येथे गॅरेजमधील एका रूढीला आमचा विरोध आहे. छोटा जेट तारेने किंवा पिनेने कोरून मोठा करतात. त्यावर कोरलेला क्रमांक मात्र जुनाच राहतो. पुढच्या मिस्त्रीच्या हाती खोटा पाठ पडतो आणि त्याचे सारे निदान त्यावर उभे राहते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना यातील अनर्थ वेगळा सांगावा लागू नये.

कुणी म्हणेल, हे आता कालबाह्य आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि नव्या दुचाक्यांतून कार्बुरेटर जवळजवळ नाहीसा झाला. हे मान्य. परंतु जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या टाकीतले पेट्रोल बदलले आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवर गेले. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला सुमारे १३.५ पुरते. इंजेक्शनच्या गाडीतील सेन्सर हा फरक बऱ्याच अंशी सावरून घेतो. कार्बुरेटरला ते कळत नाही. जेट जुनाच ठेवला तर मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते, आणि वाढवलेल्या इंजिनात पिस्टन धरण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणजे हे ज्ञान अस्ताला जात असतानाच त्याची गरज वाढली आहे.

आणि ते बहुतांशी साठीकडे झुकलेल्या मिस्त्रींच्या कानात आणि बोटांत आहे. 'ओढत नाही', 'मिसिंग मारते', 'पेट्रोल पिते' ही त्यांची भाषा ढिसाळ नाही; यातील प्रत्येक प्रयोग वेगळा दोष दाखवतो. आपण विभागांतून परिभाषेवर परिसंवाद घेतो, पण जी परिभाषा रोज वापरून घासली गेली आहे तिची नोंद घेत नाही. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून आपल्या गावातील एका मिस्त्रीचे शब्द, कामाचा क्रम आणि त्यामागची कारणे उतरवून घ्यावीत, चुकीच्या रूढी ध्यानात ठेवून तपासून घ्यावीत. यासाठी अनुदान लागत नाही, वही लागते. ते मिस्त्री काम सोडतील तेव्हा बोलीचा एक कोश आणि विचार करण्याची एक रीत, दोन्ही एकदमच जातील. मग आपण त्यांवर शोकलेख लिहू, आणि तो फार सुंदर उतरेल, हीच आमची भीती आहे.