म्हणे, वाव आहे!

मंडळी, सरकारी कागदांतल्या दोन शब्दांचा मला मनापासून राग येतो. 'वाव आहे'. पर्यटनाला वाव आहे, फळप्रक्रियेला वाव आहे आणि कोकणात शिनाण्यांच्या शेतीला तर भरपूर वाव आहे!

शिनाणे म्हणजे समुद्रातल्या खडकांना चिकटून वाढणारे हिरवट शिंपले. औरंगपुऱ्यात बसून समुद्राच्या गोष्टी कसल्या करतोस, असं मामा म्हणणारच. मामा, मंडईशेजारी राहून आपण शेतीवर बोलतोच की! असो.

मुद्दा असा की 'वाव' सिद्ध होऊन पन्नास वर्षं होत आली. गोव्यात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं १९७०च्या दशकातच तराफ्याखाली शिनाणे वाढवून दाखवले. १९७७ साली डॉ. कासिम आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा निबंधही छापून आला. पद्धत साधी आहे. खडकावरचं बारीक बी दोराभोवती सुती कापडात गुंडाळायचं आणि ते दोर तराफ्यावरून पाण्यात सोडायचे. कापड काही दिवसांत कुजतं, तोवर शिनाण्यांनी आपल्या धाग्यांनी दोर घट्ट धरलेला असतो. खाद्य नाही, खत नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात आणि पाच-सहा महिन्यांत काढणीला येतात. फक्त पावसाळ्याआधी काढायचे, कारण मग खाडीचं पाणी गोडं होतं आणि समुद्र खवळतो.

केरळात कासरगोडकडच्या बायकांच्या बचतगटांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे मनावर घेतलं. तिथली खाडी उथळ, म्हणून तराफ्याऐवजी बांबूचे मांडव घातले. लोक 'कल्लुमक्काय' आवडीनं खातात, त्यामुळे गिऱ्हाईक दारातच. उत्पादन हजारो टनांवर गेलं. आपल्याकडे सिंधुदुर्गात २०११ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदतीच्या प्रकल्पातून बचतगटांनी कालवं-शिनाणे करून पाहिले. २०२०च्या मत्स्यसंपदा योजनेत अनुदानही आहे. मग गाडी अडते कुठे?

माझ्या मते पाण्यात! हा जीव तासाला काही लिटर पाणी गाळतो. त्या पाण्यातले जंतू, जड धातू, विषारी शेवाळाचं विष, सगळं त्याच्या अंगात साठतं. म्हणून तर १९७०च्या दशकापासून जगभरचे शास्त्रज्ञ किनाऱ्याचं प्रदूषण मोजायला हेच शिंपले तपासतात. आणि आमच्याकडे? दाभोळ खाडीकाठचे मच्छीमार लोटे-परशुरामच्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडताहेत. एका हातानं तराफ्याला अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हातानं सांडपाण्याच्या तक्रारी फायलीत ढकलायच्या, याला धोरण म्हणत नाहीत. उद्या कुणाला विषबाधा झाली तर बदनाम कोण होणार? कारखाना नाही, दोर बांधणारी बाई!

म्हणून आणखी एक माहितीपत्रक नको. खाडीचं पाणी नियमित तपासा आणि निकाल गावात लावा. पाण्याचा पट्टा राबणाऱ्या बायकांच्या नावे करा. विक्रीआधी शिनाणे स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करायच्या टाक्या द्या. एवढं झालं की वाव आपोआप दिसेल.

आणि हा फक्त कोकणाचा प्रश्न नाही हो. आपल्या खाम नदीचं आपण गटार केलं, आता कुठे साफसफाई सुरू झाली. तिचं पाणी गोदावरीला जातं आणि आपण पितो ते नाथसागराचं. घाण गाळून अंगात साठवणारे फक्त शिनाणेच आहेत असं समजू नका.