आधी मनगट, मग वेग

बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांत जुलै कसा जातो, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला आणि दाराबाहेर रांगा लागल्या. अर्जामागे ऑपरेटरला 40 रुपये, म्हणजे हात थांबला की कमाई थांबली. एक रुपयाची योजना 2025 मध्ये बंद झाली, पण गट नंबर, खाते नंबर, बारा आकडी आधार भरण्याचे काम संपलेले नाही. ते करणाऱ्या हातांविषयी आपल्या टायपिंगच्या व्यवसायात फारसे कोणी बोलत नाही, याची खंत वाटते.

पूर्वी टाइपरायटरवर हात अधांतरी चालत आणि दर ओळीला कॅरेज ढकलताना डाव्या हाताला वेगळी हालचाल मिळे. संगणकावर ती गेली. मनगट टेबलाच्या धारेवर टेकते, कीबोर्डचे मागचे पाय उभे असल्याने पंजा वर वळतो आणि हात मधोमध आणताना मनगटे करंगळीच्या बाजूला वाकतात. दोन भागांत विभागलेला कीबोर्ड हे शेवटचे वाकणे कमी करतो. जर्मनीत क्लॉकेनबर्ग नावाच्या संशोधकाने 1926 मध्येच टाइपरायटरसाठी ही कल्पना मांडली होती. 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डने ती घरोघर नेली. मनगट सरळ राहते, हे मोजून दिसले आहे. दुखणे टळतेच, असा पुरावा मात्र तितका पक्का नाही.

इनस्क्रिप्ट मांडणीवर टाइप करणाऱ्यांना हा विभागलेला कीबोर्ड मानवतो, कारण मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याला तो त्रासच देईल.

सेवा केंद्राची गरज निराळी आहे. तिथे अक्षरांपेक्षा आकडे जास्त, म्हणून नमपॅड नसलेला कीबोर्ड चालत नाही. आणि नमपॅड उजवीकडे असला की माउस लांब जातो, खांदा दुखतो. सुटा नमपॅड घेऊन तो डावीकडे ठेवावा आणि माउस जवळ ओढावा. सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून ऐन हंगामात हा बदल करू नये.

नवा कीबोर्ड घ्यायला पैसे नसतील तर आजच कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. कोपर कळांच्या उंचीला येईल इतकी खुर्ची वर घ्या. पाय लोंबकळले तर खाली फळी ठेवा. लॅपटॉप असेल आणि थोडा खर्च जमत असेल, तर तो उंचावर ठेवून त्याला वेगळा कीबोर्ड जोडा. टायपिंग संस्थाचालकांनी मिनिटाला 30 आणि 40 शब्दांच्या परीक्षेची तयारी घेताना पहिल्या आठवड्यात वेग मोजूच नये, फक्त बसणे आणि मनगट पाहावे. लागलेली सवय पुढे सहज सुटत नाही.

रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. मुंग्या करंगळीला येत असतील तर टेबलावर कोपर टेकता का, ते पाहा. दोन्हींत मलम चोळत बसू नका. पकड सैल होण्याआधी डॉक्टरांना दाखवा.