मुलाच्या फोनमध्ये तिऱ्हाईत

दहावीचा निकाल लागला की घरात मुलासाठी फोन येतो आणि पाठोपाठ आईवडिलांचा घोर सुरू होतो. मग ‘मुलाला पत्ताही लागणार नाही’ अशी जाहिरात करणारी ॲप हाताशी असतातच. ती बसवताना काय करायला लावतात, ते मात्र फारसं कुणी बघत नाही. प्ले स्टोअरच्या बाहेरून फाइल उतरवायची, त्यासाठी प्ले प्रोटेक्ट ही गूगलची सुरक्षा-तपासणी बंद करायची, मग ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायची. ही सोय मुळात दृष्टिहीनांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवण्यासारख्या मदतीसाठी आहे. ती हाती आली की ॲपला स्क्रीनवर उमटणारं जवळपास सगळं वाचता येतं. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शनही तिथे उपयोगी पडत नाही, कारण मेसेज उलगडून समोर आल्यावरच टिपला जातो. शिवाय टिपलेलं सगळं आधी कंपनीच्या सर्व्हरवर साठतं आणि मग आईवडिलांना दिसतं. मुलाच्या खोलीची किल्ली आपण घेतली असं वाटतं खरं, पण तिची एक प्रत तिऱ्हाइताकडे राहते.

हा तिऱ्हाईत भरवशाचा असतोच असं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘टीनसेफ’ या ॲपचे सर्व्हर इंटरनेटवर उघडे सापडले. त्यात मुलांचे ॲपल आयडी होते आणि पासवर्डही, तेसुद्धा साध्या अक्षरांत, जसेच्या तसे. कहर म्हणजे हे ॲप चालण्यासाठी मुलाच्या खात्याची दुहेरी पडताळणी बंद ठेवावी लागत होती. घराचं दुसरं कुलूप पालकांनीच काढून ठेवलेलं. २०२१ मध्ये अशाच ‘स्पायफोन’ ॲपच्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पाळतीच्या धंद्यातूनच हद्दपार केलं.

‘फोन आमच्या पैशाचा आहे’ असं पालक म्हणतात. असेलही, पण त्यात मुलाच्या मित्रमैत्रिणींचे मेसेज आणि फोटोही असतात, आणि त्यांच्या घरी कुणी विचारलेलं नसतं. ऑनलाइन ब्लॅकमेलची भीती मात्र खरी आहे, ती झटकून चालणार नाही. पण फोटोवरून धमकावलं जाणारं मूल वेळेत घरी येऊन बोललं, तरच १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करता येतो. चोरून ठेवलेली नजर नेमकी हीच वाट बंद करते. सेटिंग्जमधली ॲक्सेसिबिलिटीची यादी उघडायला सोळा वर्षांच्या पोराला किती वेळ लागतो? नको ते ॲप तिथे दिसलं की दुसरं खातं निघतं, नाहीतर मित्राचा फोन असतोच. गूगलच्या नियमानुसार प्ले स्टोअरवरच्या पाळत ठेवणाऱ्या ॲपला स्वतःला लपवता येत नाही; ते चालू असल्याची सूचना फोनवर सतत दिसावी लागते. निवडीची पहिली चाळणी हीच धरावी. गूगलच्याच फॅमिली लिंक ॲपमध्ये वेळेला आणि ॲपना मर्यादा घालता येते, मेसेज वाचता येत नाहीत. अकरा वर्षांच्या मुलाला ती चौकट ठीक, सोळाव्या वर्षी बरीच सैल करावी लागेल. सांगून बसवलं तर मुलगा कुरकुरेल, रात्री दहाऐवजी साडेदहासाठी हुज्जत घालेल. घालू द्यावी.